बुंध्याच्या डावीकडचा दगड

"झाड करकरायला लागलं की सरळ मागे पळायचं नाही. उजवीकडे, तिरकं. आणि ती वाट कुऱ्हाड उचलायच्या आधीच साफ करून ठेवायची," बाबा सांगायचे. मला कुठलं झाड तोडायचं होतं? पण लाकूडतोड्यांच्या घरात हे पाढ्यांसारखं पाठ असायचं.

बाबा मात्र बुंध्याच्या डावीकडे सापडले. मामा नवखा होता, पडणाऱ्या खोडाकडे बघत खिळून राहिला. बाबांनी आपली वाट सोडली, त्याला ढकललं, आणि झाड बाबांवर आलं. जिथे माणूस गेला तिथेच सोबत्यांनी दगड रोवायचा, त्यावर तो ओंडक्यांवर मारायचा ती खूण कोरायची, अशी त्या धंद्याची रीत. जाणकार आधी बुंधा बघायचा, मग दगड, आणि तो डावीकडे दिसला की विचारायचा, "कुणाला वाचवायला गेला होता?"

तोड केव्हाच बंद झाली. ओंडके ओढायची ती वाट आता फिरायला येणाऱ्यांची झाली आहे. लोक सुतारपक्ष्याचा आवाज ऐकत थांबतात, नेच्यांमधली कोळशाच्या भट्ट्यांची काळी वर्तुळं बघतात. मी दर आठवड्याला दगडावरचं शेवाळ काढायला जाते. आईचे गुडघे गेले, ती घरूनच विचारते, "जागेवर आहे ना गं?" मी तिला शब्द दिलाय, मी आहे तोवर तो हलणार नाही.

काल गेले तर तिथे खड्डा.

बाबांचा आणि वाटेवरचे बाकीचेही सगळे दगड खाली गाड्या लावतात तिथे सापडले. बाकाभोवती अर्धगोलात, शाळेच्या फोटोला उभी केलेली पोरं जशी. वर नवा फलक: 'पळण्याची दिशा चुकल्याने, निष्काळजीपणामुळे यांचे मृत्यू झाले.' मी तो दोनदा वाचला.

वाटेच्या समितीचा सेक्रेटरी माझा मामेभाऊ. त्याच मामाचा मुलगा. दिवा लावल्यावर मी कुणाला कडू बोलत नाही हा माझा नेम त्याला लहानपणापासून ठाऊक. बरोबर दिवा लावून उठले आणि हा दारात.

"ताई, रागावली नाहीस ना?"

"चहा घे." कप ठेवला तो निम्मा बशीत सांडला.

"लोक तिथवर चालतच नाहीत गं. अर्ध्यातून परत फिरतात. आता निदान सगळ्यांना दिसतात."

"काय दिसतं?"

"दगड."

"दगड गटाराच्या कडेलाही दिसतात."

"हे बघ, फलकाचा मजकूर वरून आलाय."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

तो हसला. मी हसले नव्हते.

"खाली सही कुणाची आहे?"

त्यानं बशीतला चहा कपात ओतला. "माझी. पण पुढच्या बैठकीत विषय मांडतो ना."

"बाबा डावीकडे का गेले, माहीत आहे तुला?"

"ऐकलंय."

"ऐकलंयस. ते उजवीकडे गेले असते तर तू आज सही करायला नसतास."

"ताई, मी काय मुद्दाम केलं का?"

"मग दगड परत ने."

"आता कसं जमेल? परवा सिमेंटात बसवणार आहेत." तो जरा पुढे झुकला. "आत्याला मात्र सांगू नकोस. या वयात तिला कशाला त्रास?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एक शब्द दातांपर्यंत आला होता. देवाचं नाव घेऊन गिळला, पण तो खाली उतरेना.

आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"तुझा भाचा."

"त्याला विचार, यंदा आतोबांच्या दगडावर शेवाळ फार धरलंय का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं नाही. मनात म्हटलं, दे ना उत्तर, तुझा बाप जिवंत राहिला त्याचं. त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि "येतो आत्या" एवढंच पुटपुटत गेला.

पहाटे उठून रोजची प्रार्थना केली. मन लागलं नाही. बाकी सगळ्याची क्षमा मागितली, रागाची नाही मागितली. मग परसातली एकचाकी ढकलगाडी काढली. तिच्या चाकाला तेल दिलं, आईची झोप मोडायला नको. पहार आणि फावडं जुन्या गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवली, दार हलकेच ओढून घेतलं आणि गाड्या लावायच्या जागेकडे चालू लागले.