हळू आवाजातली गाणी

दादाने अॅम्प्लिफायर गुडघ्याने रेटत स्टुडिओच्या दारातून आत घेतला आणि धापा टाकत त्याच्यावरच बसला.

"मिटवून आलो," तो बहिणीला म्हणाला. "आता तुला कोणी काही म्हणणार नाही."

खोली आवाजबंद होती, त्यामुळे बाहेर जिन्यात काय झालं ते तिला कळलं नव्हतं. पण दादाच्या मागोमाग अल्बमचा संगीत संयोजक आत आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय मिटवलंस?"

"याला चांगलं सुनावलं. म्हटलं, ती भिडस्त आहे म्हणून तिच्या गळ्यात काहीही मारशील का? गिटार नाही, ड्रम नाही, नुसता पियानो आणि कुजबुज! हा बँड आहे की अंगाईचा क्लास?"

संयोजक कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. एका वाक्यात तो सुटू शकला असता. "दादाला मीच सांगते," असं तिने त्याला बजावलं होतं आणि त्याने शब्द पाळला होता.

खरं तर नवा अल्बम असा हळू आवाजात करायचा, हे तिचंच म्हणणं होतं. बँड दादाने उभा केला, लोक यायचे ते त्याच्या गिटारची गर्जना ऐकायला. त्या गर्जनेवर मात करत ती इतकी वर्षं ओरडून गात आली होती, आणि तिला ते आवडायचंही. पण अलीकडे एकटी असताना ती खालच्या पट्टीत गुणगुणायची आणि वाटायचं, हा माझा आवाज. परवा रेकॉर्डिंग अर्धंच ऐकून दादाने विचारलं होतं, "गिटार नको हे कोणाच्या डोक्यातून आलं?" त्याचा चेहरा बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "संयोजकांच्या." तो थोडा कुरकुरेल आणि सवय करून घेईल, असा तिचा हिशेब होता. शाळेत कोणी तिला नुसतं चिडवलं तरी हाच दादा काही न विचारता बाह्या सरसावून जायचा, हे ती साफ विसरली होती.

"सगळं जुन्या पद्धतीने पुन्हा रेकॉर्ड करायचं," दादा म्हणाला. "आणि हे आत्ताच पुसून टाक. उद्या हिचं मन फिरायला नको."

संयोजकाने माउसवर हात ठेवला आणि दादाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"पुसू?"

एवढं जड धूड दादाने एकट्याने जिना चढवून आणलं होतं, तिच्यासाठी. स्वतःची तिला लाज वाटली, आणि तरीही ती गप्प राहिली.

"थांब," दादाच म्हणाला. "एकदा ऐकव. त्या दिवशी मी अर्ध्यातूनच उठून गेलो होतो."

गाणं सुरू झालं. सवयीने दादाचा पाय ठेका धरायला हलला, मग थांबला. त्याची बोटं मांडीवर काहीतरी चाचपत राहिली. गाणं संपलं तरी बोटं थांबली नाहीत. मग तो उठला आणि तिच्या डोक्यात हलकी टपली मारली.

"छान गायलीस गं. मन नसताना एवढं! मनापासून गाशील तेव्हा काय होईल?"

यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मन होतं, दादा."

"म्हणजे?"

"यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मलाच असं गायचं होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून यांचं नाव पुढे केलं."

संयोजक उगाचच पडद्यावर काहीतरी शोधू लागला. दादाने त्याच्याकडे पाहिलं. अॅम्प्लिफायरची वायर खाली पडली होती. ती उचलून तो कोपराभोवती सावकाश गुंडाळू लागला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

"परत लावा," तो संयोजकाला म्हणाला. "मघाशी मी गिटार कुठे घालता येईल तेच शोधत होतो. गाणं ऐकायचं राहूनच गेलं."