घराआधीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. नारा नावाच्या झाडाच्या लाकडाचा, अंगभर द्राक्षांचे वेल कोरलेला. मित्रांनो, माझी गोष्ट कीव यावी अशीच आहे, पण ती कीव माझ्यासाठी खर्च करू नका. तिची गरज दुसऱ्या कुणाला आहे.

पाएते गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. लिगाया नावाची बाई मला घ्यायला आली, तेव्हा त्याने सवयीने विचारले, "चौकटीचं माप सांगा."

"चौकट अजून नाहीये. घर घ्यायचंय आम्हाला. म्हटलं, मनासारखा दरवाजा दिसलाय तर घेऊन ठेवावा."

"म्हणजे लग्नाआधी पाळणा," सुतार हसला. पैसे मात्र त्याने मुकाट्याने घेतले.

लिगाया भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. पुढच्या अंगणापलीकडे घरमालकीण आलिंग पुरिंग. लिगायाचा नवरा दानिलो परदेशी जहाजावर स्वयंपाकघरात राबायचा आणि घरासाठी दरमहा पैसे पाठवायचा. मला भिंतीला टेकवून ठेवले, त्यामुळे कपाट अर्धेच उघडू लागले. मी दरवाजा असून तिथे उघडत किंवा लागत काहीच नव्हतो, नुसता उभा होतो.

पण कौतुक काय व्हायचे माझे! गल्लीतल्या बायका येऊन माझ्या द्राक्षांवरून हात फिरवत.

"अगं, दरवाजा असा, तर घर कसं असेल गं लिगाया?"

एवढे ऐकले की लिगाया सगळ्यांसाठी पानसित मागवायची. नूडल्सचे ताट रिकामे होईपर्यंत कौतुक चालायचे. मीही फुगत होतो, खोटे का सांगू? माझ्यामागून दिवाणखान्याचे झुंबर आले आणि खिळ्याला लटकले. जेवणघराच्या भिंतीसाठी माणसाएवढा शोभेचा लाकडी चमचा आणि काटा आला, ते पलंगाखाली गेले. पडदे आले, खिडक्या नव्हत्या. लिगायाने जुगार खेळला नाही की स्वतःसाठी धड एक झगा घेतला नाही. जे घेतले ते घरासाठीच घेतले, आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

मग समोरचे छोटे घर विकायला निघाले. दानिलो रजेवर आला होता. दोघे नटूनथटून घराच्या कर्जासाठी बँकेत गेले. जाताना लिगायाने मला थोपटले आणि म्हणाली, "आता तुझी चौकट आली हं."

परत आल्यावर दानिलो माझ्यासमोर स्टुलावर बसला. कपाळावर पलंगाखालच्या चमच्याची धूळ लागावी इतका वाकून बसला होता.

"बँकेतली बाई म्हणाली, तुमच्या खात्यात पैसा येतो, पण मुक्काम करत नाही. डाऊन पेमेंटला काय साठवलंय, असं विचारलं तिने. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू पडद्यांचा रंग सांगायला लागलीस."

"मी स्वतःवर उडवले का? तूच सांग. सगळं घरासाठीच घेतलं ना?"

"हो. घर सोडून सगळं घेतलंस."

तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो शांतपणे बॅग भरू लागला.

समोरचे घर दुसऱ्यांनी घेतले. साधे पत्र्याचे दार असलेली माणसे होती. दानिलो जहाजावर परतला आणि पैसे आपल्या बहिणीकडे पाठवू लागला. बहिणीने भावाच्या नावावर वर्षभरात जागा घेतली. लिगायाला त्याने तिथे बोलावले नाही. ती लोकांचे कपडे धुऊ लागली आणि भाडे थकत गेले. कौतुक करणाऱ्या बायका आता तिला चादरी देत आणि दोन नाणी कमी करून घेत.

शेवटी आलिंग पुरिंग माप घेऊन आली. "दरवाजा इथे नुसता भिंतीला पाठ लावून उभाय. थकलेल्या भाड्यात तो मी घेते."

"आलिंग, तो माझ्या घराचा आहे."

"कुठल्या घराचा गं?"

लिगाया माझ्यासमोरून बाजूला झाली.

मी आलिंगच्या घराच्या चौकटीपेक्षा रुंद निघालो. गल्लीतल्या सुताराने एका कडेचे द्राक्षांचे घड रंधून टाकले. दुखले, पण बिजागऱ्या बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उघडलो. मित्रांनो, मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

तेव्हापासून आलिंग मला नारळाचे तेल लावते. तुमच्याही दारांना लावत जा, लाकूड वर्षानुवर्षे टिकते. हौस जरूर करा, फक्त आधी चौकट उभी राहू द्या. हे लिगायाला सांगायला मला तोंड नव्हते.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ती भाडे घेऊन येते. टकटक करण्याआधी रंधलेल्या घडांवरून तिचा हात एकदा फिरतो.

"हळू वाजव," आतून आलिंग म्हणते, "महागातला आहे."

मग मी हातभर उघडतो, आलिंग पैसे घेते, आणि मी लिगायाच्या तोंडावर बंद होतो. बसलो आहे मात्र छान, जरासुद्धा करकरत नाही.