जादा पाटे

बाजाराच्या दिवसापासून भिवा ट्रकखालीच होता. जेवणापुरता बाहेर यायचा, चार घास गिळायचा आणि गोणपाटावर पाठ टेकून पुन्हा आत सरकायचा. पुढची दोन्ही चाकं भिंतीला लावलेली, धूड दगडांवर आणि ओंडक्यांवर टेकवलेलं. कुंभार पिंपळगावात एवढं काम कुणी अंगणात काढत नाही. पण जालन्याच्या मिस्त्रीकडे नेलं असतं, तर त्यानं कारण विचारून डोकं खाल्लं असतं, आणि कारण भिवाला कुणाला सांगायचं नव्हतं.

कारण उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसलं होतं. भिवाच्या बायकोला, बेबीनंदाला, नववा महिना लागला होता. बाळंतपण गावात करायचं नाही, आधीच येऊन राहा, असं जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "मी एस.टी.नं जाईन," बेबीनंदा म्हणाली. दारात स्वतःची गाडी उभी असताना! ते वाक्य भिवाच्या काळजात रुतून बसलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला पाचवा महिना असताना, त्यानं तिला हसनाबादहून, माहेराहून, याच ट्रकमधून आणलं होतं. आधीच्या मालकानं दुष्काळी कामावर खडी वाहायची म्हणून पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांत दोन-दोन पाटे जादा घातले होते. त्यामुळे गाडी माल दाबून उचलायची, पण रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यात आपटायची. घरी पोचले त्याच रात्री मूल गेलं. पुढं बेबीनंदा ट्रकमध्ये बसली नाही, आणि भिवानंही तिला कधी बस म्हटलं नाही. बोलणंच आटलं. पाणी ठेव, मीठ दे, एवढ्यावर संसार चालला. चालतोही मेला, हेच तर वाईट.

तर आता ते जादा पाटे काढायचे, पिनांभोवतीचे झिजलेले बुश बदलायचे, पाट्यांमध्ये ग्रीस भरायचं आणि सगळं पुन्हा आवळायचं. सांगायला काय जातं! गंजलेले नट रॉकेल पाजून पाजून मोठ्या मिनतवारीनं हलले. भिवाची पाठ धरली, बोटं सोलली, डोळ्यांत गंज गेला. पाना हातातून सुटून पडला, तेव्हा तो उचलायचंही त्याच्या जिवावर आलं. मिटल्या डोळ्यांनी तो तसाच पडून राहिला.

शेवटी पाटे अडकवायची एकच पिन राहिली, आणि तीच भोकात जाईना. भिवानं आईला हाक मारली. चांगुणाबाई अंगानं भरलेली. लेकानं पाट्याखाली पहार घालून तिचं दुसरं टोक दाखवलं.

"आई, ह्याच्यावर बस."

"इतकी वर्सं जड म्हणून चिडवलं, अन् आता बस म्हणतो!"

पण ती बसली. पहार करकरली, पाटा उचलला गेला आणि पिन सरकन आत गेली. चांगुणाबाई पदर सावरत उठली. "आता म्हण, म्हातारी कामाची न्हाई."

चाकं चढवून गाडी जमिनीवर आली. भिवानं तांब्या काठोकाठ भरला, पटक्याची चुंबळ करून सीटवर ठेवला आणि विहिरीपर्यंत जाऊन आला. बेबीनंदा अंगणात येऊन उभी राहिली होती.

"किती सांडलं?"

"अर्धा राह्यला," भिवा खाली उतरत म्हणाला. "अजून एकेक पाटा काढतो." आणि त्यानं पुन्हा जॅककडे हात नेला.

"तांब्याच्या पोटात दुखतं काय, त्याला इचारून राह्यले? मला इचारा की."

"तुला काय इचारू? ह्या गाडीनंच केलं ते."

बेबीनंदा जॅकच्या आड येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "गाडीनं न्हाई केलं. त्या दिवशी सकाळपासूनच दुखून राह्यलं होतं. गाडीत बसायच्या आधीपासून."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही इतक्या हौसेनं न्यायला आल्ते. वाटलं, थांबंल दुखणं. अन् मंग तुम्ही तोंडच फिरवलं. मला वाटलं, माझ्यावर राग हाये, गाडीत बी मी नको तुम्हाला. म्हून एस.टी.चं म्हणले."

भिवाला आधी संताप आला. तीन वर्षं रिकाम्या ट्रकचा प्रत्येक धक्का त्यानं शिक्षा म्हणून सोसला होता, आणि हे ती आज सांगत होती! पण ओरडायला अंगात त्राण नव्हतं. आणि विचारलं तर त्यानंही कुठं होतं? काढलेल्या पाट्यांवर तो मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. बेबीनंदानं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या काळ्या हातांवर ओतलं.

दुसऱ्या दिवशी ती ट्रकमध्ये बसली, शेजारी चांगुणाबाई. भिवा इतका हळू चालवत होता, की बैलगाड्या पुढं निघून जात होत्या. खड्डा दिसला की ब्रेक, दगड दिसला की ब्रेक. "अशानं पोरगं शाळंत जायच्या वयाचं व्हईल जालन्याला पोचेस्तोवर," चांगुणाबाई कुरकुरली. भिवानं पुढच्या खड्ड्याला पुन्हा ब्रेक दाबला.

अंबडच्या अलीकडे बेबीनंदानं त्याचा दंड धरला.

"अहो, दुखाया लागलंय. आताच. जल्दी चला."

भिवानं तिच्याकडं पाहिलं. ती घाबरलेली होती, पण या खेपेला तिनं सांगितलं होतं. त्यानं पुढचे खड्डे पाहिले आणि गाडी पळवली.