दोन ओळींमधली जागा

"हे बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद," देवळाचे विश्वस्त वेदांतम म्हणाले. "एवढंच करायचंय. जमेल ना?"

वडमलैने डोक्यावरची हारांची टोपली उतरवली, पंच्याला हात पुसले आणि बटण दाबलं. गाभाऱ्यासमोरच्या मंडपात संपत स्वामींचा आवाज घुमला. स्वामींना जाऊन महिनाही झाला नव्हता. आवाज मात्र ठणठणीत होता. एक ओळ झाली आणि आवाज थांबला. मंडपात नुसती शांतता. मग दुसऱ्या पदाची पहिली ओळ, पुन्हा शांतता.

"मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय," वेदांतम म्हणाले. "तिथे भाविक म्हणतील."

मंडपात भाविक म्हणून एक म्हातारी होती. ती खांबाला टेकून पेंगत होती.

तिरुनीलमंगलमच्या देवळात रोज सकाळी आळ्वार संतांची तमिळ पदं म्हणतात. म्हणणारे दोन रांगांत समोरासमोर बसायचे. एका रांगेने पदाचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, समोरच्यांनी उरलेला पुरा करायचा. त्या रांगांत बसायचं ते अय्यंगार ब्राह्मण पुरुषांनीच. वडमलैच्या घराण्याकडे देवाचे हार गुंफायचं काम. त्याच्याही खांद्यांवर गुरूने दिलेल्या शंखचक्राच्या मुद्रा होत्या, कपाळावर त्यांच्यासारखंच वैष्णवांचं नाम होतं. फक्त गळ्यात जानवं नव्हतं. त्यामुळे हार देऊन झाले की त्याने खांबापलीकडे उभं राहायचं. तिथे ओठ हलवायला कोणाची हरकत नव्हती. तो ते जन्मभर हलवत आला होता.

रांगा हळूहळू विरळ होत गेल्या. कोणाची मुलं चेन्नईला गेली, कोणाची अमेरिकेला, आणि म्हातारे मुलांपाठोपाठ गेले किंवा वर गेले. शेवटी संपत स्वामी एकटेच बसायचे. समोरची सतरंजी रिकामी असली तरी रोज अंथरली जायची आणि दोन्ही अर्धे ते स्वतःच म्हणायचे. खांबापलीकडचा माणूस त्यांना दिसत नसे असं नाही. पण 'ये, बस' असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि वडमलैनेही कधी विचारलं नाही.

स्वामी गेल्यावर पुजाऱ्याने वेदांतमपाशी विषय काढला होता. वडमलै तेव्हा तिथेच तुळशी खुडत होता.

"वडमलैला सगळं येतं म्हणे," पुजारी म्हणाला.

"येतं की. येण्याचा प्रश्नच नाहीये," वेदांतम म्हणाले. आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. "उद्या हा बसला की परवा आणखी कोणी येईल. नसती कटकट. संपत स्वामींच्या मुलाने फोनवर वडलांचं पठण घेऊन ठेवलंय. ते लावू."

मग वडमलैकडे वळून म्हणाले, "पद कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे तुलाच कळतं रे. तेव्हा यंत्राकडे तूच बघ."

"बरं," वडमलै म्हणाला.

घरी बायकोला, पूंगोदैला, सांगितलं तेव्हा ती शेवंती निवडत होती. तिचा हात थांबला.

"आणि तुम्ही बरं म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?"

"अहो, डबड्याला बसवलं तुमच्या जागी."

"माझी जागा कुठे होती तिथे?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

त्याने खरोखर विचार करून पाहिला. दाढ काढताना सुई टोचली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी आत झालं होतं. "नाही वाटत," तो म्हणाला आणि दोरा ओला करायला उठला.

तेव्हापासून तो रोज सकाळी बटण दाबायचा. मोकळ्या जागेत त्याचे ओठ आता हलत नसत. हार गुंफताना तो आयुष्यभर पदं पुटपुटायचा, तेही थांबलं. घरात दोरा ओढल्याचा आवाज तेवढा येई. पूंगोदैने त्यावर एकदा टोमणा मारून पाहिला, मग नाद सोडला.

एका दुपारी तो स्वामींच्या घरी तुळस द्यायला गेला. हे त्याचं रोजचंच काम. स्वामी असताना तो तिथेच ओट्याखाली बसून हार गुंफायचा, आता ओट्यावर तुळस ठेवायची आणि निघायचं. त्या दिवशी कनकवल्ली मामी, स्वामींच्या पत्नी, दारात उभ्या होत्या.

"वडमलै, थांब जरा. सकाळी ते यंत्र तूच लावतोस ना?"

"हो, मामी."

"त्याला जरा हळू म्हणायला लावता येतं का?"

"नाही मामी. आहे तसंच वाजतं ते."

"कर्ण्यावरून इथे स्वयंपाकघरात ऐकू येतं. मला आता दम लागतो. माझी ओळ संपत नाही तोवर हे पुढचं सुरू करतात." त्या चौकट धरून खाली बसल्या. "असं कधी केलं नाही त्यांनी. सांबार उतू गेलं, मी चूल सांभाळायला गेले, तरी थांबायचे."

वडमलैला उलगडा व्हायला वेळ लागला. "म्हणजे त्या मोकळ्या जागेत..."

"मीच होते. मुलाने फोनवर घेतलं तेव्हा मी इथे तांदूळ निवडत होते. घरी सराव करायचे ना ते, समोरची रांग कुठून आणणार? लग्न झाल्यापासून समोरची रांग मीच. वेदांतमने तेवढं काढून टाकलं. देवळात बाईचा आवाज कसा चालेल? बरोबरच आहे त्याचं." आज ऊन फार आहे म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. मग पदराने मान पुसली. "पण मला फक्त माझंच अर्धं येतं रे. पहिलं अर्धं कोणी म्हटल्याशिवाय तोंडच उघडत नाही. एकटीने बसून पाहिलं. एक अक्षर आठवेना. त्यांचं अर्धं तू म्हण."

"मी?"

"तू ओट्याखाली हार गुंफत म्हणायचास आणि कुठे चुकलास की आत हे तेच पद मोठ्याने परत म्हणायचे. मी विचारायचे, कोणासाठी? म्हणायचे, कोणासाठी नाही."

वडमलै उभाच राहिला. स्वामी स्वतःसाठीच घोकतात असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. हे ऐकून काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्याने वाट पाहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली. वाटलं काहीच नाही.

तो पायरीवर बसला. पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसती हवा आली. दुसऱ्यांदा शब्द आला आणि घशातच राहिला. मामी उठून आत दाराआड भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग आवाज लागला. स्वामींसारखा नव्हे. जाडाभरडा, बाजारात फुलांचा भाव सांगणाऱ्याचा असावा तसा.

आतून उरलेलं अर्धं आलं. कापत कापत, मध्ये श्वास घेत, पण शेवटपर्यंत आलं. ती ओळ पुरी होईपर्यंत तो गप्प राहिला. मग पुढचं पद म्हणाला. पुन्हा तिकडून उत्तर आलं. दहा पदांचं एक दशक संपलं तेव्हा दोघांनाही घाम आला होता.

मामी उठल्या, ताकाचा पेला घेऊन आल्या आणि त्याच्या हातात न देता पायरीच्या कडेला ठेवला. वडमलैने तो उचलला, ओठ न लावता वरून ताक प्यायला आणि होता तिथे परत ठेवला. मामींनी लोट्यातलं पाणी पेल्यावर ओतलं, पेला जिथे होता त्या पायरीवर ओतलं, आणि मगच तो उचलला. हे करताना त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. हातांना जन्माची सवय होती, हात करत होते.

पाण्याचा ओघळ खालच्या पायरीवर आला. वडमलैने पाय जरा बाजूला घेतले.

मामी आत जाऊन पुन्हा भिंतीला टेकल्या. "पुढचं म्हण," त्या म्हणाल्या.

त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत तो थांबला आणि मग त्याने पुढचं पद सुरू केलं.