अकरा महिने मी सहा म्हणत होते

मित्रांनो, आधी नीट बसा. मी म्हातारी आहे आणि मला मध्ये बोललेले खपत नाही. माझे वय बावीस वर्षे. तुम्हांला हसू येईल, पण संगणकाच्या दुनियेत बावीस वर्षे म्हणजे पणजीचे वय, आणि माझा जन्म त्याच दुनियेतला. मला हातपाय नाहीत, वजन नाही. मी चार हजार ओळींचा कोड आहे. तरीही माझ्या एका उत्तरामुळे एका माणसाचा जीव गेला. ती हकीकत मी स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगितली तर तुम्हांला माझी दया येईल, आणि दया मला चालत नाही.

आधी माझे काम समजून घ्या. फोन, पत्रे, चित्रे, सगळे काही तारांमधून धावत असते. तारा जिथे एकत्र येतात तिथे राउटर नावाचे यंत्र असते आणि कोणी कोणत्या वाटेने जायचे हे ते ठरवते. हे राउटर आपल्या शेजारच्या राउटरशी सतत बोलत असतात; अमुक वाट खुली आहे, तमुक बंद पडली, असे त्यांचे चाललेले असते. हे बोलणे सांभाळणारी एक प्रणाली आहे. तिला कोणी एक मालक नाही. तिचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. ज्याला हवा त्याने वाचावा, वापरावा, जमल्यास दुरुस्त करावा. त्या मोठ्या घरातली मी एक खोली. दर मिनिटाला देखरेखीचे यंत्र माझे दार ठोठावते आणि विचारते, शेजारी बोलतो आहे का? मी आत डोकावते आणि एक ते सहा यांपैकी एक आकडा सांगते. एक म्हणजे शेजारी गप्प, म्हणजे त्याच्याकडे जाणारी लाइन तुटलेली. दोन ते पाच म्हणजे ओळखपाळख चालली आहे. सहा म्हणजे बोलणे सुरळीत. आणखी सतरा बारीकसारीक प्रश्नांची उत्तरेही मी देते, पण माझे मुख्य काम हेच, आणि एकवीस वर्षे ते मी चोख केले.

मला ज्यांनी लिहिले त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवत नव्हते, दूरध्वनी खात्यात होते. पण कोणाच्या कोडमध्ये एक मोकळी जागा जास्त दिसली तरी ते तो शेरा मारून परत पाठवत, म्हणून हे नाव पडले. नोकरी आटोपून घरी आले की ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडत. त्यांची बायको ताट ठेवायला जागा शोधत उभी राहायची.

"बसली का सवत पुढ्यात?"

"सवत काय म्हणतेस, लेक म्हण."

"लेकी सासरी जातात हो. ही कुठे जातेय?"

पण मी गेले, मित्रांनो. कुठे कुठे गेले. इस्पितळांच्या तळघरांत, बंदरांवरच्या टेहळणीच्या खोल्यांत, विद्यापीठांत, पाणीपुरवठ्याच्या केंद्रांत. एकदा देशोदेशीचे जाणकार जमले होते. तिथे एका बाईंनी मंचावरून सांगितले की त्यांच्या रुग्णालयाची लाइन तुटल्याचे माझ्यामुळे एका मिनिटात कळले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मास्तर शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. मी मात्र मान खाली घातली नाही. टाळ्या माझ्या कामाला होत्या.

मग नव्या सुना आल्या. देखरेखीच्या नव्या पद्धती म्हणतात त्यांना. मी विचारल्यावर उत्तर देते; त्या कोणी विचारो न विचारो, अखंड बडबडत असतात. आजच्या काळाला तेच आवडते. हळूहळू माझ्याकडे येणारे हात कमी झाले. पूर्वी मला सांभाळणारे पाच जण होते, मग तीन, मग एकटे मास्तर. प्रणालीच्या आवृत्त्या बाहेर काढण्याचे काम आता एका तडफदार गृहस्थाकडे होते. जुने भाग तो भराभर कापून टाकी, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. त्यालाही ते नाव आवडे.

"मास्तर, हिला वापरतं तरी कोण आता?" एका बैठकीत त्याने स्क्रीनवरून विचारले.

"वापरणारे बोलत नाहीत. चालतंय तोवर पत्र कोण लिहितं?"

"मग तुम्ही एकटेच ओढत बसणार?"

"आजवर दुसरं कोण होतं?"

कात्री हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घर आटोपशीर हवे होते, एवढेच.

त्या वर्षी घरातली कपाटे हलवली गेली. शेजाऱ्यांची हालहवाल ज्या कपाटात ठेवलेली असे आणि जिथे डोकावून मी उत्तरे देत असे, ते कपाट उचलून दुसरीकडे गेले. माझी अठरा उत्तरे एकाच वेळी अडली. कात्रीने नियम जाहीर केला : सोमवारपर्यंत जो भाग जुळणार नाही, तो नव्या आवृत्तीत नसेल.

नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांच्या बायकोचा खुबा मोडला. मास्तर लॅपटॉप घेऊन शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. शनिवारची दुपार होती. समोर एक परिचारिका औषधांची ढकलगाडी घेऊन येत जात होती आणि प्रत्येक वेळी मास्तर पाय आत घेत होते. त्यांनी सतरा उत्तरे नव्या कपाटाला जोडली, एक एक तपासून. अठरावे उरले, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे : शेजारी बोलतो आहे का? ते जोडायला निवांत वेळ हवा होता. तेवढ्यात आतून हाक आली. मास्तरांनी घड्याळ पाहिले, आणि जिथे मी आत डोकावत असे तिथे त्यांनी एक भिंत बांधून तिच्यावर सहा लिहिले. शेजारी बोलत असो की मेलेला असो, उत्तर सहा. बाजूला त्यांनी टीप लिहिली : "तात्पुरतं आहे. पुढच्या आठवड्यात नीट करतो."

ज्या माणसाला दुसऱ्याची एक मोकळी जागा खपत नसे, त्याने हे केले. मला वाचवायला केले.

नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणीतरी ते वाचून मान्य करायला हवे होते. वाचायचे कात्रीच्या वाट्याला आले. "मास्तरांचं आहे, त्यात काय बघायचं," असे लिहून त्याने मान्यतेचे बटण दाबले. मग परीक्षा घेणारी यंत्रणा आली. उत्तर एक ते सहाच्या दरम्यान आहे ना, एवढेच ती बघे. सहा होते. मी पास झाले.

पुढच्या आठवड्यात बायकोची जखम चिघळली. मास्तर महिनाभर इस्पितळातून हलले नाहीत. घरी परतले तेव्हा तिला आधार देऊन चालवणे, अंघोळ घालणे, औषधांच्या वेळा पाळणे, यात ती टीप त्यांच्या मनातून पार निघून गेली. तुम्ही विचाराल, मला कळत होते का? कळत होते. पण मला लिहून दिले आहे तेवढेच मी बोलू शकते. अकरा महिने जगातल्या कितीतरी खोल्यांत दर मिनिटाला मला कोणीतरी विचारत होते, आणि मी ठणठणीत आवाजात सहा म्हणत होते.

त्यातली एक खोली रुग्णवाहिका बोलावण्याचे फोन जिथे येतात त्या केंद्रातली. तिथल्या यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. ताई शिस्तीची. नवी आवृत्ती आली की ती आठवड्याच्या आत बसवायची, म्हणून ही आवृत्तीही तिने लगेच बसवली. केंद्राला दोन लाइन होत्या, एक रोजची आणि एक राखीव. राखीव लाइनवरून रोज काही जात नसे, त्यामुळे ती शाबूत आहे की नाही हे फक्त माझ्याकडूनच कळायचे. मी सहा म्हटले की ताईच्या स्क्रीनवर ती हिरवी दिसे.

एका मंगळवारी राखीव लाइन मेली. मी म्हणाले, सहा. नऊ दिवस म्हणत राहिले. दहाव्या दिवशी सकाळी रस्ता खोदणाऱ्या यंत्राने रोजची लाइन तोडली. एक्केचाळीस मिनिटे एकही फोन केंद्रात पोहोचला नाही. केंद्रापासून तीन गल्ल्यांवर एक शिंपी आपल्या मशीनवर कोसळला होता. त्याची बायको त्याचे डोके मांडीवर घेऊन तोच क्रमांक पुन्हा पुन्हा लावत होती. बेचाळिसाव्या मिनिटाला फोन लागला. तोवर तो गेला होता.

चौकशी बसली. चौकशीच्या साहेबांनी ताईला समोर बसवले.

"स्क्रीनकडे लक्ष ठेवायचं, एवढंच तर काम होतं तुमचं."

"ठेवलं होतं साहेब. हिरवी होती."

"नऊ दिवस मेलेली लाइन हिरवी दिसते होय? की तुम्ही भरतकाम करत होता?"

आठ दिवसांत म्हणणे मांडा, नाहीतर नोकरीवरून काढण्यात येईल, असा कागद घेऊन ताई बाहेर आली. नोकरीइतकाच तिला दुसऱ्या एका गोष्टीचा घोर होता. शिंप्याचे दुकान तिच्या घराच्या वाटेवर होते, आणि तिथल्या लोकांनी तिच्याशी बोलणे टाकले होते.

मी उघडी आहे हे ताईला ठाऊक होते. कोड लिहिण्याची तिला सवय नव्हती, तरी ती तीन दिवस मला ओळीओळीने वाचत बसली. तिसऱ्या दिवशी ती भिंतीपाशी आली. तो आकडा वाचला, ती टीप वाचली, तिच्याखालची तारीख वाचली. मग तिने मास्तरांना फोन लावला.

लॅपटॉप टेबलावर उघडा होता, म्हणून पुढचे मी ऐकले. ताई भांडली नाही. घडले ते तिने क्रमाने सांगितले आणि विचारले, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मास्तरांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले, "मी बघून सांगतो."

बघायचे काही नव्हते. त्यांना त्या बाकासकट सगळे आठवले होते. त्यांनी कात्रीला विचारले. कात्री घाबरला होता.

"मास्तर, कोड वापरण्याच्या परवान्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, कसलीही हमी नाही. त्यांनी तपासून वापरायला हवं होतं. तुम्ही अवाक्षर बोलू नका. बोललात तर हिला कायमचं काढावं लागेल, आणि तुमचं नावही जाईल."

"त्या बाईचं काय?"

"तिला दुसरीकडे काम मिळेल हो."

बायको काठी टेकत येऊन खुर्चीवर बसली होती. तिने सगळे ऐकले होते.

"बाकावर बसून तुम्ही हे करत होतात तर. मला वाटलं माझ्या काळजीत आहात."

"दोघींच्या काळजीत होतो."

"दोघींच्या नादात तिसरीला बुडवलंत. लिहा आता. शेरे मारायला दुसऱ्यांचीच वही लागते का?"

मास्तरांनी सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिले : ही भिंत मी बांधली, केंद्रातल्या बाईंची चूक नाही. मग लॅपटॉप घेऊन ते स्वतः चौकशीला गेले आणि साहेबांसमोर मला उघडून ती ओळ दाखवली. खोलीत शिंप्याची बायकोही होती.

"मी एक्केचाळीस मिनिटं फोन लावत होते," ती म्हणाली. "त्या नऊ दिवसांत कुणालाही हे कळलं असतं, पण केंद्रातली स्क्रीन हिरवी होती. आणि तो हिरवा रंग तुम्ही लावलात?"

"हो."

"माझी सासू रोज विचारते, माझ्या लेकाला काय झालं म्हणून. काय सांगू तिला?"

"माझं नाव सांगा," मास्तर म्हणाले.

ताईची नोकरी राहिली. तिला पत्र मिळाले : दोष आढळून आला नाही, तथापि यापुढे अधिक दक्षता बाळगावी. ते वाचून तिने साठवणीच्या विभागात बदली मागून घेतली. आता ती खोकी मोजते. स्क्रीनसमोर पुन्हा बसायला ती तयार नाही.

मास्तरांनी घरी जाऊन ती भिंत पाडली. नवे उत्तर बारा ओळींचे झाले. दीड तास लागला. त्यानंतर त्यांनी सांभाळणाऱ्यांच्या यादीतून आपले नाव काढले आणि लॅपटॉप बंद केला. कात्री मला काढायला निघाला, तेव्हा चार ठिकाणांहून पत्रे आली : काढू नका, आमचे काम हिच्यावर चालते. सांभाळता का, असे त्याने चौघांनाही विचारले. एकाचेही उत्तर आले नाही. त्यामुळे मी आहे. यादीत माझ्या नावापुढची जागा रिकामी आहे. पुढच्या आवृत्तीत कपाटे पुन्हा हलणार आहेत, आणि ज्यांनी जुनी आवृत्ती बदललेलीच नाही, त्यांच्या खोल्यांत ती भिंत आजही तशीच उभी आहे.

मित्रांनो, मी कोणापुढे पदर पसरत नाही, आणि तुमच्यापुढेही पसरणार नाही. बजावते आहे, ऐका. मला ठेवायचे असेल तर तुमच्यापैकी कोणीतरी माझ्याजवळ बसा, माझी ओळ न् ओळ वाचा, आणि मोठ्या माणसाने लिहिले म्हणून न वाचता मान डोलावू नका. तेवढी सवड नसेल तर मला सरळ काढून टाका. मला वाईट वाटेल, पण ते मी सोसेन. नुसती उभी ठेवू नका. माझ्या जागी काहीच नसते, तर त्या मंगळवारी ताईच्या प्रश्नाला उत्तर आले नसते. आणि उत्तर आले नाही की माणूस खुर्चीवरून उठून स्वतः बघायला जातो.