चौथ्या खणातलं दूध

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला, एका आईच्या मोबाइलमधल्या ब्राउझरमध्ये राहणारा. दिसायला मी काहीच नाही. पण तिचं बाळ कसं आहे ते तिला माझ्यामुळे कळायचं.

बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं, म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. आईला मात्र घरी सोडलं होतं. घर दूर, आणि नेटवर्क असून नसल्यासारखं. म्हणून माझ्या प्रोग्रॅमरताईंनी शब्दांना फाटा दिला. दवाखान्याचा सर्व्हर एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपानं येतात त्याच वाटेनं, नुसत्या बाइटांचं, म्हणजे कच्च्या आकड्यांचं, चिमुकलं गाठोडं पाठवायचा. त्यात फक्त खणाचा क्रमांक आणि आकडा. कोणत्या खणात काय, ते मला पाठ होतं. दुसरा वजनाचा, चौथा बाळाला नळीनं दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचा. पहिल्याच दिवशी ताई ब्राउझरला 'हे बाइट आहेत, अक्षरं नाहीत' असं सांगायला विसरल्या. तो मजकूर समजून वाचत बसला आणि वजनाच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली! ताईंनी कपाळावर हात मारून चूक सुधारली. पुढे माझं सुरळीत चाललं. बाळाला आता वरून ऑक्सिजन लागत नसल्याचं मीच आईला दाखवलं. तिनं चक्क माझ्या पानाची पापी घेतली.

मग एक नवे प्रोग्रॅमर आले. ऑक्सिजनची नोंद आता दुसऱ्या तक्त्यात जात होती. चौथा खण रिकामा दिसला, म्हणून त्यांनी तो दुधाला देऊन टाकला. पण पान नव्यानं उघडलं तरच मला नवे बदल कळतात; आईनं ते कधी बंदच केलं नव्हतं, त्यामुळे मला हे कळलंच नाही.

सकाळी गाठोडं आलं. चौथ्या खणात तीस. मी इमानेइतबारे लिहिलं, 'ऑक्सिजन ३० टक्के'.

आईनं ते वाचलं. तिनं वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, बाळाला परत ऑक्सिजन लावला का हो? खरं सांगा."

"छे हो! कुणी सांगितलं? उलट आज पठ्ठ्या तीस मिली दूध प्यायलाय!"

आई रडता रडता हसायला लागली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई नव्या प्रोग्रॅमरना म्हणाल्या, "अहो, एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नसतो. कुठेतरी कुणीतरी जुनंच वाचत असतं." चौथा खण कायमचा बंद झाला आणि दुधाला सातवा मिळाला. दोघांनी आईची माफी मागून तिला पान नव्यानं उघडायला लावलं, तेव्हा मीही सातवा खण शिकलो.

मित्रांनो, बदल खुशाल करा. पण तुमच्या भरवशावर कुणी दूर बसलेलं असेल, तर त्याला आधी सांगा.

आता मी मोबाइलच्या एका कोपऱ्यात नुसता पडून असतो. गेल्या महिन्यात आईनं मला बंद केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा बाळ घरी तिच्या कुशीत दूध पीत होतं, आणि ते किती मिली झालं हे कुणीच मोजत नव्हतं.