घरटी एक नंबर

आमच्या वाडीत नळाला पाणी आलं की ते सगळ्यात आधी विरारला कळायचं. मग नालासोपाऱ्याला, मग डोंबिवलीला. नळ जिच्या अंगणात आहे तिला कळायचं सगळ्यात शेवटी, आणि तोवर नळ कोरडा झालेला असायचा.

त्याचं कारण सांगते. पालीपासून आत, चढावर आमची वाडी. नळयोजना वाडीची स्वतःची आणि कारभार गावकीकडे. गावकी म्हणजे घरटी एक पुरुष देवळाच्या मंडपात बसणार, बायका बाहेर पायरीवर, आणि आत ठरेल ते सगळ्यांनी ऐकायचं. लवूतात्या गावकार, म्हणजे गावकीचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण रीतीचं भारी वेड. गावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला तेव्हा त्यांनी तीच रीत मोबाइलात नेली. घरटी एक नंबर, आणि तोही पुरुषाचा.

आता आमच्याकडचे निम्मे पुरुष मुंबईला. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, वीज असेल तेव्हा मोटार चालते, म्हणून पाण्याला ठरलेली वेळ नाही. मोटार लावली की तात्या ग्रुपवर टाकणार, 'वरच्या आळीला पाणी सोडले आहे.' माझा नवरा सुजय विरारला कारखान्यात, त्याचा मोबाइल कामाच्या वेळी कपाटात कुलूपबंद. जेवणाच्या सुट्टीत तो मेसेज वाचणार आणि मोठ्या जबाबदारीने मला फोन करणार, "श्रद्धा, पाणी सोडलंय हां."

"आणि संपलंय पण," मी म्हणायची आणि फोन आपटायची.

मला निदान उशिरा का होईना कळायचं. शेजारच्या कमळाकाकूंना तेवढंही नाही. विनोदकाका वारले, मूलबाळ नाही. गोठ्यात दोन म्हशी आणि पालीच्या हॉटेलांना दुधाचा रतीब, त्यावर काकूंचं सगळं चालतं. म्हशीला पाणी कमी पडलं की दूध आटतं. म्हणून नळ चुकला की काकू खालच्या विहिरीवरून चढावर हंडे आणायच्या. साठी ओलांडलेली बाई. मला ते बघवायचं नाही.

शेवटी एकदा मी तात्यांना रस्त्यातच गाठलं. "तात्या, काकूंचा नंबर घ्या की ग्रुपात."

"तिच्या घरचा नंबर हाय ग्रुपात."

"कोणाचा?"

"विनोदचा."

"अहो, विनोदकाका गेले ना!"

"माहिती हाय मला. खांदा दिलाय मी. पन रीतीत घर सुटता नये." एवढं बोलून ते मोटारीकडे निघून गेले. म्हणजे चालत्या-बोलत्या बाईला घ्यायची रीत नव्हती, गेलेल्या माणसाला घ्यायची होती.

मी तरातरा काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"लावून बघू काय गो?"

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी लावलाही. रिंग गेली. पलीकडून कोणीतरी उचलला आणि म्हणालं, "बेकरी. बोला."

नासिर नावाचे गृहस्थ होते, दापोलीचे. काकांचा नंबर बंद पडल्यावर कंपनीने तो त्यांना दिला होता आणि तात्यांनी त्यानंतर ग्रुप काढून तोच नंबर आत घेतला होता. "म्हणजे तुमच्या गावचं पाणी होय ते?" नासिरभाई खूश झाले. "मला वर्षभर कळतंय, पाणी सोडलं, पाणी सोडलं. पण सांगू कोणाला?"

"मग ग्रुपातून बाहेर का नाही पडलात?" मी विचारलं.

"एवढी मोठी माणसं बसलेली. मधूनच उठून जाणं बरं दिसत नाही हो."

त्या दिवसापासून आमचं पाणी दापोलीवरून यायला लागलं. तात्यांचा मेसेज पडला की नासिरभाई पाव मोजता मोजता फोन लावायचे, "ताई, पाणी सोडलं!" काकू अंगणातून हाळी द्यायच्या आणि वरच्या आळीतल्या सगळ्या बायका कळश्या घेऊन आपापल्या नळावर हजर. पिंपं भरली, म्हशी दुधाला आल्या. झालं काम, असं मला वाटलं.

काकूंना मात्र वाटलं नाही. धार काढता काढता एकदा म्हणाल्या, "पानी मिळता गो. पन मी हाय कुठं? पट्टी मी भरतंय, पायपाचा चर मी खणलाय, आनि घर म्हनून नंबर तो दापोलीच्या बेकरीचा."

आणि पुढच्या गावकीला त्या देवळात गेल्या. मीही गेले. आम्ही नेहमीप्रमाणे पायरीवर बसलो. पाण्याचा विषय निघाल्यावर काकू उठून उभ्या राहिल्या.

"तात्यानो, माझा नंबर ग्रुपात घ्या."

"कमळे, घरटी एक. तुझ्या घरचा हाय."

"मग त्या नंबराला इचारा, काल आमच्या नळाला पानी आला काय."

मंडपात खसखस पिकली. तात्या रागावले. "बंद असंल तो," म्हणाले आणि विषय एकदाचा संपावा म्हणून त्यांनी स्पीकर लावून फोन केला.

"बोला गावकार!" नासिरभाईंचा आवाज मंडपभर घुमला. "काल तुम्ही पाणी सोडलंत, पण वर थेंब पोचला नाही. कमळाताई सांगत होत्या. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो म्हणतात. जरा बघून घ्या."

"कोन तुम्ही?"

"नासिर. दापोलीहून बोलतोय. तुमच्याच ग्रुपात आहे."

असा हशा झाला की पुजारीसुद्धा बाहेर आले. एका म्हाताऱ्यांना ते काही रुचलं नाही. "बाहेरचा मानूस गावकीत?" असं ते पुटपुटले.

काकूंनी ऐकलं. "बाहेरचा वर्षभर आत बसला, तुमच्या कोनाच्या ध्यानात आला नाय. मी आतली बाहेर हाय, ता पन नाय."

तात्या मोबाइलकडे बघत होते. काल वरच्या आळीला पाणी पोचलं नव्हतं हे तर खरंच होतं. त्यांना ते आज दापोलीवरून कळलं होतं.

"नंबर सांग," ते शेवटी म्हणाले.

"माझा एकटीचा नको. ज्या घरात जी नळ उघडते, तिचा."

तात्यांनी कपाळाला हात लावला, पण टाइप करायला बसले. त्यांना पायरीवरचं ऐकू येईना, म्हणून एकेक बाई आत जाऊन नंबर सांगायला लागली. सांगून झाल्यावर तिथेच टेकली. आम्ही सगळ्या मंडपात आहोत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि आम्हांला बाहेर जा म्हणायची कोणाची छाती नव्हती. मला इतका आनंद झाला की मी उगीचच घंटा वाजवली.

फोन अजून चालूच होता. नासिरभाई म्हणाले, "गावकार, आता मला मोकळं करा. माझं काम झालं."

"काढतो," तात्या म्हणाले.

इतक्यात काकूंचा मोबाइल वाजला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "काय आलाय बघ गो." त्यांना ग्रुपात घेतल्याचा तो मेसेज होता. मी ग्रुपातल्या माणसांची यादी उघडली. त्यांच्या मोबाइलात कोणाचीच नावं साठवलेली नव्हती, त्यामुळे नुसते आकडे. त्यात नाव म्हणून एकच होतं. काका असताना त्यांनी साठवलेलं, कधीही न बदललेलं. नुसतं 'हे'.

मी वाचून दाखवलं. काकूंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि चष्मा नसताना त्या अक्षराकडे बघत राहिल्या.

"थांबा तात्यानो," त्या म्हणाल्या. "काढू नका. उभा जन्म पायरीवर गेला. गावकीत ह्यांच्या बाजूला बसायला पहिल्यांदाच मिळालाय."

तात्यांचं बोट तसंच थांबलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

"बसतो ताई," फोनमधून नासिरभाई म्हणाले. "मला कुठं घाई आहे."